दुधावाचून मधुमेहाचे पथ्य



घरात मधुमेह आला की पहिली शिक्षा होते ती साखरेच्या डब्याला. चहा बिनसाखरेचा होतो, शिरा बंद होतो. भाताचा ढीग मात्र होता तसाच राहतो. वस्तुतः १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात आणि पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच. रक्तातील साखर आवरायची, तर हात आखडायचा तो येथे.

मग भूक कशाने भागवावी? ‘पनीर खा, दही खा,’ असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. परंतु लहानपण सरल्यावर पुष्कळांच्या आतड्यांतील दुग्धशर्करा पचविणारे द्रव्य कमी होते व दुधाने पोट बिघडते. काहींनी दूध विचारपूर्वक सोडलेले असते. अशांनी हे पथ्य आपले नव्हेच, असे मानावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी स्थूलपणा घालविण्याच्या आहारावर पुस्तिका लिहिली. त्यांच्या वर्ज्य पदार्थांत पाव, साखर व बटाटे यांच्या जोडीला दूध आणि लोणीही होते!

आपल्या स्वयंपाकघरात दुधावाचून काही अडत नाही. भाकरी एकावरून अर्धी करावी; मेथी, गवार, दोडका, वांगे यांची भाजी दुप्पट घ्यावी. मटकीची उसळ घ्यावी, पण बेताने, कारण कडधान्यांतही पिष्ट असतेच. खाणाऱ्यांनी अंडी, बांगडा घ्यावा. न खाणाऱ्यांनी शेंगदाण्यांची, तिळाची, जवसाची चटणी. ताकाची जागा बिनसाखरेची सोलकढी घेईल. तिळात कॅल्शियमही भरपूर असते.

आता दोन गोष्टी निक्षून सांगावयाच्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना एकाएकी भात-भाकरी तोडली, तर साखर धोक्याच्या खाली उतरते. घाम सुटतो, हात कापतात, शुद्धही हरपते. म्हणून आधी डॉक्टरांना विचारून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे. मूत्रपिंड दुर्बल असेल, तर प्रथिनांविषयीही विचारावे. दुसरे असे की, दूध, अंडी, मासे हे सारेच सोडणाऱ्याला ब-१२ जीवनसत्त्व वेगळे घ्यावे लागते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत त्याची उणीव अधिक आढळते.

जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजावी, म्हणजे कोणता घास आपणांस मानवतो हे आकडाच सांगतो. आणि वाढणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. ‘आणखी थोडा भात’ हा आपल्याकडे प्रेमाचा शब्द आहे. मधुमेह्याच्या ताटापाशी तेच प्रेम भाजीच्या डावाने वाढावे.