गावरस्ता आणि सायकल



आज बोलायचं आहे ते एका साध्या गोष्टीविषयी. आपल्या गावाला येणारा लहानसा डांबरी रस्ता आणि त्यावरून जाणारी सायकल, एवढाच विषय. कुणी म्हणेल, यात सांगण्यासारखं काय आहे? सायकल केव्हाच मोडीत दिली, आता दारात मोटरसायकल आहे; आणि रस्ता म्हणाल तर तो रोजचाच. पण रोजच्या वस्तूचं मोल आपल्याला ती गेल्यावर कळतं. म्हणून हा विषय.

सुरुवात जरा दूरून करू. फ्रान्स देश सायकलीच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध आहे. १९०३ पासून तिथे ‘तूर द फ्रान्स’ भरते. पण शर्यत हा झाला जत्रेचा भाग. तिथला सामान्य माणूस, आणि जगभरातून तिथे जाणारे हौशी प्रवासी, सायकल चालवतात ती खेड्यापाड्यांच्या आडरस्त्यांवर. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायती-नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्था आहेत. त्यांना जोडणारे लहान पक्के रस्ते देशभर जाळ्यासारखे पसरलेले आहेत. घाईची वाहनं मोठ्या हमरस्त्यांनी निघून जातात आणि आडरस्त्यावर उरतो एखादा ट्रॅक्टर, टपालाची गाडी आणि सायकलवाला.

याशिवाय जुन्या कालव्यांचे काठ आहेत. दक्षिण फ्रान्समधला ‘कानाल द्यु मिदी’ हा सुमारे २४० किलोमीटर लांबीचा कालवा १६८१ साली खुला झाला. पूर्वी काठावरून घोडे चालायचे आणि दोरानं नावा ओढायचे. आता त्या काठाच्या बऱ्याच भागावर सायकली धावतात. बंद पडलेल्या आगगाडीच्या मार्गांवरून रूळ काढून तिथेही वाटा केल्या. अशा वाटांना ते ‘हिरव्या वाटा’ म्हणतात, आणि २००४ पासून त्यांच्या कायद्यातच लिहिलेलं आहे की या वाटेवर इंजिनाचं वाहन न्यायचं नाही. साध्या रस्त्यावरही गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारवाल्यानं दीड मीटर अंतर सोडलं पाहिजे, असा नियम आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. तिथली शांतता आपोआप आलेली नाही. ती लोकांनी ठरवून राखलेली आहे.

आता आपल्याकडे या. १९४३ साली नागपुरात देशातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिनं रस्त्यांची जी प्रतवारी केली, ती थोड्याफार फरकानं आजही चालू आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सर्वांत शेवटी ग्राममार्ग. शेवटी म्हणजे हलका, असं आपण समजतो. पण शाळेला, दळणाला, डेअरीला, दवाखान्याला आपण जातो ते याच रस्त्यानं. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर पोचू लागलं. या योजनेतल्या रस्त्याची रुंदी साधारण पावणेचार मीटर, म्हणजे बारा फुटांच्या आसपास. समोरून ट्रॅक्टर आला तर दोघांनाही वेग कमी करून बाजू द्यावी लागते. हा अरुंदपणा मोटारवाल्याला गैरसोयीचा वाटतो. पण रस्ता शांत राहतो तो बऱ्याच अंशी त्यामुळेच.

नाशिक जिल्ह्यात असे रस्ते किती आहेत, ते एकदा सायकलीवर बसून पाहा. शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूनं गिरणाऱ्याकडे जा आणि पुढे हरसूलची वाट धरा. टोमॅटोच्या हंगामात गिरणाऱ्याच्या बाजारात क्रेटांनी भरलेल्या गाड्यांची गर्दी असते. पण गाव मागे पडलं की भाताची खाचरं, नागलीचे उतार आणि डोंगरांच्या रांगा सुरू होतात. पूर्वेला निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची जगाच्या यादीत नोंद झाल्याचं २०२० साली जाहीर झालं. हिवाळ्यात खानगाव थडी, चापडगाव या बाजूच्या रस्त्यांवर सायकल थांबवली तर पाण्यावरच्या पाखरांचा कलकलाट ऐकू येतो. मोटारीच्या बंद काचेतून तो ऐकू येत नाही. पाटाच्या कडेनं जाणारी मुरमाची वाटही मोहात पाडते. पण ती पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी असते, तिला कठडा नसतो. पाटाला पाणी सुटलेलं असताना लहान मुलांना त्या वाटेनं पाठवू नये.

नाशिककरांनी सायकलीत नावही कमावलं आहे. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून पुरी केली. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते. सुमारे साडेतीनशे किलोमीटर. रविवारी सकाळी डोक्याला शिरस्त्राण घालून खेड्यातून जाणारे हे सायकलस्वार तुम्ही पाहिले असतील. पारावरची मंडळी एकमेकांना विचारतात, ‘‘या लोकांना पेट्रोल परवडत नाही की काय?’’ थट्टा बाजूला ठेवू. शहरातली माणसं वीस-वीस मैल पायडल मारत आपल्या रस्त्यावर का येतात, याचा विचार करू. शहरात त्यांना जे उरलेलं नाही, ते आपल्या दारात आहे.

पण हे मोल हौशी माणसांपुरतं नाही. त्याचा खरा हिशेब शाळेत जाणाऱ्या मुलीच्या पायांशी करा. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. शाळा चार किलोमीटरवर असेल तर पायी तास लागतो, सायकलीवर वीस मिनिटं. जाऊन-येऊन ८० मिनिटं वाचतात. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला २६० हून अधिक तास झाले. एवढा वेळ त्या मुलीला अभ्यासाला, खेळायला, विसाव्याला मिळतो. मात्र एक अट आहे: रस्ता सायकल चालवण्याजोगा राहिला पाहिजे. आई-वडिलांना त्या रस्त्याची धास्ती वाटू लागली, की सायकल ओसरीवर उभी राहते आणि कधीकधी मुलीचं शिक्षणही तिथेच थांबतं.

ही धास्ती अगदीच अनाठायी नाही. हमरस्त्यावर कोंडी झाली की, किंवा टोल चुकवायचा म्हणून, जड वाहनं आडरस्त्यानं घुसतात. रस्ता मोकळा दिसला की जवान पोरं गाडी पिटाळतात. त्यांना सांगा, की वेग दुप्पट झाला की धडकेतला जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. शिवाय दर दुरुस्तीला डांबराचा नवा थर चढतो आणि साइडपट्टी खालीच राहते. कडेला वीतभर उंचीची पायरी तयार होते. मागून गाडी आली, मुलीनं हँडल वळवलं आणि चाक त्या पायरीवरून घसरलं, की ती आपटलीच. वळणावर वेडी बाभूळ माजलेली असते. पलीकडचं दिसत नाही.

श्रोतेहो, यातल्या पुष्कळ गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. साइडपट्टीवर मुरूम टाकून ती डांबराच्या पातळीला आणावी, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. वळणावरची बाभूळ श्रमदानानं एका सकाळी निघते. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ट्रॅक्टर-ट्रॉली आणि माल वाहणाऱ्या पिकअप गावातून सावकाश न्यायच्या, एवढं गावानं आपसांत ठरवलं तर त्याला पैसा लागत नाही. जड वाहनांच्या बंदीसाठी मात्र तहसीलदार आणि बांधकाम खात्याकडे लेखी मागणी करावी लागेल. ती शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या नावानं एकत्र गेली तर तिला वजन येतं.

शिक्षक बंधुभगिनींना एक उपक्रम सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांकडून गावच्या रस्त्यांचा नकाशा काढून घ्या. फाटा, मोरी, ओढ्यावरची फरशी, आंधळं वळण, कुत्री अंगावर येतात ती वस्ती, सारं त्यात दाखवू द्या. मग मुलांना आळीपाळीनं एका जागी मोठ्या माणसासोबत अर्धा तास बसवून किती वाहनं गेली ते मोजू द्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. भूगोल झाला, गणित झालं, आणि ग्रामसभेत ठेवायला पुरावाही झाला. जोडीनं चार नियम शिकवा: डाव्या बाजूनं, एकामागे एक चालावं, मागे परावर्तक आणि अंधारात दिवा असावा, कानात गाणी लावू नयेत, कारण शांत रस्त्यावर मागची गाडी आधी कानाला कळते, आणि फरशीवरून पाणी वाहत असेल तर सायकल तिथेच उभी करून माघारी फिरावं.

फ्रान्समधल्या लोकांनी आपला आडरस्ता राखला आणि आता जग तो पाहायला जातं. आपला रस्ता पाहायला जग आलं नाही तरी चालेल. आपल्या गावची मुलगी त्या रस्त्यानं घंटी वाजवीत एकटी शाळेत गेली आणि संध्याकाळी सुखरूप घरी आली, एवढं झालं तरी रस्ता कारणी लागला असं मी म्हणेन. येत्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी काढा, एवढी विनंती करून तुमची रजा घेतो.