गोळ्यांचा आवाज



मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवते. एचआयव्हीचा प्रतिबंध आणि आरोग्यातली विषमता हा माझ्या अभ्यासाचा विषय. तो मला खरा उमगला तो एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राबाहेरच्या बाकावर.

तिथे एक बाई बसल्या होत्या. महिन्याच्या गोळ्यांची बाटली नुकतीच हातात पडली होती. आधी त्यांनी नखानं लेबल खरवडून काढलं. मग बाटली कानाशी धरून हलवली. गोळ्या खुळखुळल्या. पिशवीतून कापूस काढून त्यांनी तो बोटानं दाबून दाबून आत भरला. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "मॅडम, सासूबाईंचे कान फार तिखट आहेत." नवरा याच आजारानं गेला होता. आपल्यालाही लागण झालीय, हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ताट-वाटी वेगळी होईल, पोरांना जवळ येऊ देणार नाहीत, ही धास्ती.

'जोडीदाराशी एकनिष्ठ राहा,' असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. या बाई एकनिष्ठच होत्या. पुण्यात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांमध्येही शंभरातल्या तेरा-चौदा जणी बाधित निघाल्या, आणि त्या स्त्रियांपैकी बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला. निरोध वापरायचा की नाही, हे ठरवणं त्यांच्या हातात कधी नव्हतंच. ज्या घरात बाईला 'नाही' म्हणता येत नाही, तिथे नुसती माहिती देऊन काय होणार?

आज औषध प्रभावी आहे. २०११ साली नऊ देशांतल्या जोडप्यांच्या अभ्यासानं दाखवून दिलं की बाधित जोडीदारानं लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला त्याच्याकडून लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. त्यात पुण्यातलीही जोडपी होती. म्हणजे रोजची गोळी हा उपचारही आहे आणि प्रतिबंधही. सरकारी केंद्रात ती २००४पासून फुकट मिळते. पण बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही, आणि घरच्यांच्या नजरेला भिऊन गोळी चुकते ती चुकतेच. संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बंदी आहे. त्या बाटलीतल्या कापसापुढे मात्र मला तो कायदा फार दूरचा वाटला.

म्हणून माझे विद्यार्थी पाहणीला जातात तेव्हा जोडीदार किती, हा प्रश्न मी मागे ठेवायला सांगते. आधी विचारा, औषध घरात कुठे ठेवता? बायका सांगतात: तांदळाच्या डब्यात, गोधडीच्या घडीत, देवघरामागे. एकीनं सांगितलं, "घरात ठेवतच नाही. बाटली शेजारणीकडं असते. रोज रात्री साखर मागायला जाते."