फडताळामागची ओल



म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूर हे गाव मेंढ्यांच्या नामांकित जातीमुळे ठाऊक आहे. कावेरीच्या पाण्यावरील भातशेती ही त्या परिसराची दुसरी ओळख. वर्षाकाठी तेथे सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणच्या मानाने तो फारच थोडा. मग अशा मुलखात स्वयंपाकघराची भिंत ओली का व्हावी? कारण ओल केवळ आभाळातून येत नाही.

तिच्या तीन वाटा आहेत. पहिली जमिनीतून. पाणथळ शेतालगत जमिनीत ओलावा टिकतो आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. बहुधा ते तीनेक फुटांपर्यंत पोहोचते व सुकताना क्षार मागे ठेवते. भिंतीला लागलेला लोणा तो हाच. दुसरी वाट तडकलेल्या गिलाव्याची अथवा गळक्या नळाची. तिसरी चुलीवरची. एक लिटर पाणी उकळून गेले की त्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते, आणि ही दमट हवा गार भिंतीला भिडताच तिच्यातून पाणी सुटते.

फडताळ ओल निर्माण करीत नाही. ते तिला आसरा देते. पूर्वीच्या उघड्या मांडणीमागे हवा खेळत असे. भिंतीला चिकटलेल्या बंद कपाटामागे ती खेळत नाही. तेथे आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते, लाकूड फुगते. हानी लाकडापुरती थांबत नाही. दमट भुईमुगावर किंवा मक्यावर वाढणारी काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते, आणि ते शिजवूनही पुरते नाहीसे होत नाही. वर्षाची बेगमी अशी घरातच नासते.

उपायाआधी निदान हवे. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी भिंतीवर घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. खोलीकडील अंगावर थेंब साचले तर दोष वाफेचा. भिंतीकडील अंगावर साचले तर पाणी भिंतीतून येते आहे असे समजावे.

वाफेला झरोका हवा आणि भांड्यावर झाकण हवे. नव्या घराच्या जोत्यात ओलप्रतिबंधक थर घालावा. जुन्या घराभोवतीचे पाणी निदान उताराने दूर न्यावे. ओल्या भिंतीवर तैलरंग फासल्याने ती कोरडी होत नाही. कोंडलेले पाणी आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा मात्र ओल बाहेर पडू देतो.

कपाट शक्यतो आतल्या भिंतीशी ठेवावे. त्याला सहा इंचांचे पाय असावेत, भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर असावे, आणि खाली व वर हवेला वाट असावी. वर्षातून दोनदा ते हलवून मागची भिंत पाहावी. त्यासाठी सुतार लागत नाही, पैसा लागत नाही; आणि गृहिणीच्या डब्यातले धान्य मात्र वाचते.