पहिलं पाऊल कधी?
सिल्वासाच्या कारखान्यांलगतच्या चाळींत आजीचा फोन आला की प्रश्न ठरलेला, "शेजारचा दहाव्या महिन्यात चालला, आपला अजून भिंत धरूनच?" आजी, घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली भारतासह ५ देशांतल्या बाळांचा अभ्यास मांडला. आधाराविना चालणं साधारण ८ ते १८ महिन्यांत कधीही येतं. काही बाळं तर रांगतच नाहीत! दीड वर्ष उलटूनही पाऊल पडलं नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

पांगुळगाडा चालेल, नजरेसमोर. बाळ तो उभं राहून ढकलतं. बसवून फिरवायचा चाकांचा वॉकर नकोच. कॅनडानं २००४ मध्ये त्यावर बंदी घातली. घरात बूटही नकोत, अनवाणी तळव्यांना फरशी नीट कळते. अंगणवाडीत वजन कराल, तेव्हा चालण्याचंही ताईंना सांगा.