आजीच्या खोलीतलं कार्पेट: आधी जमीन तपासा, मग रोल घ्या

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा सॉफ्टवेअरवाला आणि कार्पेटवर काय बोलणार? बरोबर आहे. पण मी या विषयात आपटलोय, म्हणूनच बोलतोय.

आमचं गाव वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात. बाजारहाट भोर तालुक्यातल्या नसरापूरला. जूनमध्ये पाऊस धरतो तो भात पोटरीला येईपर्यंत सोडत नाही. जुन्या घरात शेणानं सारवलेली जमीन होती. चार वर्षांपूर्वी आम्ही ती काढून टाइल्स बसवल्या. घर चकाचक झालं, पण पहिल्याच पावसाळ्यात आजी म्हणाली, "आरं, ही फरशी पायाला बर्फावानी लागती."

मी लगेच मोबाईल काढला. दिवाळीला जाड, मऊ, खाली फोम असलेलं कार्पेट ऑनलाइन मागवलं आणि आजीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गोंदानं चिकटवून घेतलं. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला! जुलैत खोलीत कुबट वास सुरू झाला. आजीचा खोकला थांबेना. कोपरा उचलून बघितला तर खाली काळी बुरशी आणि गोंदाचा चिखल. खोकला कार्पेटमुळेच आहे असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत, पण "ते आधी बाहेर काढा" एवढं मात्र ठणकावून सांगितलं.

मग मी नीट अभ्यास केला. तो तुमच्या उपयोगी पडावा.

आधी प्रकार बघू. दुकानात किंवा ऑनलाइन जास्त करून मिळतं ते टफ्टेड कार्पेट. यात मशिनच्या सुया एका कापडातून धागे ओवतात आणि पाठीमागे लॅटेक्स लावून दुसरं कापड किंवा फोम चिकटवतात. धाग्याची टोकं कापली की मऊ लव मिळते. न कापता फासे तसेच ठेवले की लूप कार्पेट. ते पायाला थोडं खरखरीत लागतं, पण वर्दळीत दबत नाही.

दुसरं विणलेलं. मागावर लव आणि पाया एकत्रच विणतात, म्हणून महाग आणि टिकाऊ. आपली सतरंजी आणि घोंगडी यांचीच चुलत भावंडं, फक्त त्यांना लव नसते.

तिसरं नीडल पंच. सुयांनी तंतू एकमेकांत ठोकून बनवलेला नमद्यासारखा पातळ थर. लग्नाच्या मांडवात लाल-हिरवं अंथरतात ना, तेच. स्वस्त, पण ऊब कमी.

आणि पीव्हीसीचा रोल. त्यालाही आपल्याकडे कार्पेटच म्हणतात, पण त्यात तंतू नसतात. वरचं पाणी खाली जात नाही हे खरं, पण खालची ओलही वर सुटत नाही. ती तिथंच कोंडते.

धाग्याचंही बघा. नायलॉन झिजेला सगळ्यात चिवट. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही, पण जड कपाटाखाली दबून राहतं. लोकर आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत ओलावा पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पाठ तागाची असेल तर ओलीत कुजते.

आता बसवण्याच्या पद्धती. एक, नुसतं सुटं अंथरायचं. दोन, कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची. तीन, पूर्ण गोंद. हे हलत नाही, पण काढताना फरशी खराब होते. चार, भिंतीलगत वर आलेल्या टोकांच्या खिळेपट्ट्या ठोकायच्या, मधे मऊ अस्तर घालायचं आणि कार्पेट ताणून त्या टोकांवर अडकवायचं. पाच, चौकोनी तुकडे, बहुतेक वेळा 50 बाय 50 सेंटीमीटरचे. एक खराब झाला तर तेवढाच बदलायचा. रोल जोडून घालणार असाल तर सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवा, नाहीतर एकाच रंगाचे दोन पट्टे वेगवेगळे दिसतात.

पण यातलं काहीही ठरवण्याआधी एक चाचणी करा. खर्च जवळपास शून्य. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक घ्या. टाइल्सचे सांधे मधे येतील असं अंथरा आणि चारही कडा टेपनं बंद करा. किमान 16 तास हात लावू नका. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा सांधे काळपट झाले, तर ओल जमिनीतून वर येतेय. थेंब वरच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट वाफ थंड फरशीवर बसतेय. चाचणी पावसाळ्यातच करा. मे महिन्यात आमच्याकडंही सगळं कोरडंच असतं.

आमच्या घरी थेंब आतून निघाले. कारण सरळ होतं. मुरमाचा भराव, वर काँक्रीट, वर टाइल्स, पण काँक्रीटखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर घातलाच नव्हता. टाइलमधून पाणी येत नाही, पण सांध्यांतून ओल येते. अशा जमिनीवर पूर्ण गोंद, फोमची पाठ आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतचा पीव्हीसी रोल, तिन्ही बाद.

आता आजीच्या खोलीत पॉलिप्रॉपिलीनचे दोन सुटे लूप तुकडे आहेत. एक पलंगाजवळ, एक दारापर्यंत. भिंतीपासून वीतभर जागा मोकळी. तुकडा सरकून आजी घसरू नये म्हणून खाली जाळीदार रबर. रोज सकाळी ते उचलून पडवीतल्या दांडीवर टाकायचे. बसायला वर घोंगडी.

मी आजीला म्हटलं, "आजी, तू आधीच सांगायचं ना, हे चालणार नाही म्हणून." ती म्हणाली, "मला काय ठावं तुझं कार्पेट? पर जमीन सारवायला आठवड्याला हात लागायचा. ओल कुठं हाय ते हातालाच कळायचं. तू तर चिकटवूनच टाकलंस, बघायचं कसं?"

मंडळी, मला आठ महिन्यांनी जे कळलं ते तिला दर आठवड्याला कळत होतं. तेव्हा घरच्यांसाठी कार्पेट मागवणार असाल, तर दर आणि रेटिंग बघण्याआधी घरी एक फोन करा. प्लास्टिक चिकटवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी फोटो मागवा. फोटोत थेंब दिसले, तर सुटं आणि उचलता येईल असंच घ्या.

तुमच्या घरच्या फरशीचा काय किस्सा आहे, तो व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!