जाहिरातीला पैसे नसताना

नवा उद्योग काढला, पण जाहिरातीला पैसे नाहीत, अशा तरुणांनी किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर कारखान्याकडे जरूर पाहावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती; म्हणजे आधी त्यांना पटवणं भाग होतं. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी, एवढाच सुरुवातीचा हेतू. पण त्यात वाचकांच्या उपयोगाचा मजकूर वाढत गेला आणि त्यातूनच मराठीतलं एक नामवंत मासिक उभं राहिलं. स्वतःची स्तुती कमी आणि वाचणाऱ्याच्या कामाचं जास्त, हे मला त्यातलं खरं मर्म वाटतं.

हेच मर्म आज असं वापरता येईल: समजा, तुम्ही ठिबक सिंचनाचं उपकरण बनवता. मग ‘आमचं उपकरण सर्वोत्तम’ असं पत्रक जिल्ह्याच्या दैनिकाला धाडू नका. एखाद्या शेतकऱ्याच्या संमतीनं त्याच्या शेतात आधी पाणी किती लागायचं, आता किती लागतं, ते मोजून लिहा. सोबत शेतातला स्वच्छ फोटो द्या. शेतीविषयक बातम्या कोण लिहितं ते शोधा, त्याच बातमीदाराला पाठवा आणि त्याचा फोन आला की मालक म्हणून स्वतः बोला. बातमी छापून आली नाही, तरी तेच आकडे कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारापुढे ठेवता येतात.