निघताना ‘येतो’ म्हणावं

जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या निमित्ताने देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ इथं येतात. त्यांतले अमेरिकन आणि ब्रिटिश, दोघांची भाषा इंग्रजी. रीती मात्र वेगळ्या. ब्रिटिश माणूस काटा डाव्या हातातच ठेवून जेवतो. अमेरिकन बहुधा तुकडा कापून सुरी खाली ठेवतो आणि काटा उजव्या हातात घेतो. अमेरिकेत हॉटेलात 15 ते 20 टक्के टिप द्यायची रीत. ब्रिटनमध्ये एवढी नाही. अमेरिकन अनोळख्याशी चटकन गप्पा मारतो. ब्रिटिशाला धक्का आपला लागला, तरी ‘सॉरी’ तोच म्हणतो! आणि आपल्या जुन्नर-आंबेगावात? दारी आलेल्याला आधी पाणी, मग चहा. निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हणायचं. बरं तर, येतो!